घराला टायर असले की

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅलिफोर्नियाच्या हद्दीजवळ, क्वार्ट्झसाइट नावाचं छोटं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रस्त्यावर फारसं कुणी दिसत नाही. थंडी पडू लागली की उत्तरेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून आरव्ही यायला लागतात. आरव्ही म्हणजे आत ओटा, पलंग, संडास-बाथरूम असं सगळं असलेली गाडी. गावाबाहेरचं वाळवंट या गाड्यांनी भरून जातं. ही जमीन केंद्र सरकारची आहे. तिची व्यवस्था पाहणाऱ्या ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ या खात्याने ला पोसा भागात लांब मुक्कामाची सोय केली आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असे सात महिने राहायचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत आला. म्हणजे महिन्याला २६ डॉलरसुद्धा नाहीत. पिण्याचं पाणी, कचरा आणि मैल्याची टाकी रिकामी करायची जागाही त्यातच.

निवृत्तीनंतर घर विकून कायमचं आरव्हीत राहायचा विचार करणाऱ्या माणसाच्या डोक्यात हा आकडा एकदा बसला की हलत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत साध्या दोन खोल्यांना महिन्याला दीड-दोन हजार डॉलर भाडं पडतं. त्याच्यापुढे २६ डॉलर म्हणजे चैनच. पण त्या जागेत वीज नसते. दिवा, फ्रिज, पंखा चालवायचा तर टपावर सोलर पॅनेल, खाली लिथियमच्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर लागतो, आणि हे सगळं नीट बसवून घ्यायला काही हजार डॉलर सहज जातात. नाहीतर जनरेटर आणि त्याचं पेट्रोल. पाणी टाकीत भरून आणायचं, भांडी घासताना नळाची धार बारीक ठेवायची. स्वस्त जागेला गाडी मात्र महाग लागते, आणि हे गणित जमिनीच्या दरपत्रकात लिहिलेलं नसतं.

माझ्या मते या जगण्याचं अंदाजपत्रक मांडताना पहिला प्रश्न ‘गाडी केवढ्याची’ हा नसावा. तुम्ही किती वेळा हलणार, हे विचारावं. एका जागी राहणाऱ्या माणसाचा खर्च बराचसा त्याच्या पत्त्यावर ठरतो: घरपट्टी, भाडं, थंडीत हीटरचं बिल. आरव्हीतला खर्च वेगावर ठरतो. तीच गाडी, तेच नवराबायको, तेच पेन्शन, तरीही एका वर्षी पैसे उरतात आणि दुसऱ्या वर्षी साठवणीला हात लावावा लागतो. फरक स्पीडोमीटरखालच्या मैलांच्या आकड्यात सापडतो.

आकडे घालून पाहू. समजा, डिझेलवर चालणारं मोठं मोटरहोम आहे. अशी गाडी गॅलनला आठेक मैल देते (अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा). डिझेल चार डॉलर गॅलन धरू. वर्षात दहा हजार मैल फिरलं तर १,२५० गॅलन, म्हणजे ५,००० डॉलर नुसतं इंधन. दर दोन-तीन रात्रींनी मुक्काम हलवणाऱ्याला जागा रात्रीच्या दराने घ्यावी लागते. खासगी आरव्ही पार्कात वीज, पाणी आणि मैलावाहिनी अशा तिन्ही जोडण्या असलेल्या जागेचे रात्रीला ५० डॉलर धरले, तरी वर्षाचे १८,२५० होतात. बेरीज २३,२५०. महिन्याला एक हजार नऊशेच्या वर.

आता तेच दांपत्य वर्षात चारच ठिकाणी राहतं असं समजू. प्रत्येक ठिकाणी तीन महिने, एकूण प्रवास तीन हजार मैल. इंधन ३७५ गॅलन, १,५०० डॉलर. महिन्याच्या बोलीवर तीच जागा ७०० डॉलरच्या आसपास मिळाली, तर वर्षाचे ८,४००. महिन्याच्या बोलीत वीज बहुधा मीटरप्रमाणे वेगळी द्यावी लागते, तिचे महिन्याला १०० धरले तर १,२००. सगळे मिळून ११,१००, म्हणजे महिन्याला ९२५. दोन्हींतला फरक महिन्याला हजार डॉलरच्या थोडा वर जातो. २०२५ मध्ये अमेरिकेत निवृत्त कामगाराला मिळणारी सोशल सिक्युरिटीची सरासरी रक्कम महिन्याला दोन हजार डॉलरच्या आसपास होती. म्हणजे नुसत्या भटकण्याच्या वेगावर अर्धं पेन्शन इकडचं तिकडे होतं.

हे ठाऊक असूनही पहिल्या वर्षी सगळे वेगातच जातात. तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून सुटलेल्या माणसाला यलोस्टोन, ग्लेशियर, ग्रँड कॅन्यन सगळं एकाच उन्हाळ्यात पाहायचं असतं, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक वेगळं करावं, त्याला सरळ सहलीचं अंदाजपत्रक म्हणावं आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढावेत. पहिल्या वर्षाच्या खर्चाला बाराने भागून ‘हे जगणं आपल्याला परवडत नाही’ असं ठरवून परत फिरणं जितकं चूक, तितकंच पहिला हिवाळा क्वार्ट्झसाइटला काढून ‘हे तर फुकटच आहे’ असं ठरवणंही चूक.

वय ६२ झालेल्या नागरिकाला किंवा ग्रीनकार्डधारकाला ‘अमेरिका द ब्युटिफुल’ हा आयुष्यभराचा पास ८० डॉलरला मिळतो. २०१७च्या ऑगस्टपर्यंत तो दहा डॉलरला होता. राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क त्यात सुटतं आणि केंद्र सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडवर निम्मा दर लागतो. या संपूर्ण व्यवहारात याइतका निर्विवाद फायद्याचा सौदा दुसरा नाही. मात्र जुन्या उद्यानांमधल्या बऱ्याच जागा तंबूंच्या आणि छोट्या ट्रेलरच्या काळात आखलेल्या आहेत. चाळीस फुटी गाडी तिथे मावत नाही. पास खिशात असतो आणि मुक्काम मात्र उद्यानाबाहेरच्या खासगी पार्कात पूर्ण दराने पडतो.

आता गाडीकडे. ढोबळमानाने दोन जाती आहेत. मोटरहोममध्ये इंजिन घरातच असतं. ट्रेलर किंवा फिफ्थ व्हील ओढायला वेगळा ट्रक लागतो. फिफ्थ व्हीलचं जोखड ट्रकच्या मागच्या हौद्यात बसतं, त्यामुळे वजनदार घरही स्थिर चालतं. मोटरहोमवाल्याला बाजारहाट करायला मागे छोटी गाडी बांधून न्यावी लागते. फिफ्थ व्हीलवाला घर सोडून ट्रक घेऊन भाजी आणायला जातो. म्हणजे कसंही केलं तरी दोन वाहनांचा विमा आणि दोन वाहनांची देखभाल आलीच. नवं डिझेल मोटरहोम दोन-तीन लाख डॉलरपासून पुढे कितीही जातं. चांगल्या अवस्थेतला वापरलेला ट्रेलर त्याच्या एक दशांशात मिळू शकतो. नवी गाडी शोरूमबाहेर पडली की किंमत घसरू लागते. पहिल्या वर्षातच पाचवा हिस्सा गेला तरी कुणाला आश्चर्य वाटत नाही.

लोक याला ‘घर’ म्हणतात आणि घराच्या हिशेबानेच कर्ज काढतात. मुदतही पंधरा-वीस वर्षांची मिळते. घराची किंमत बहुधा वाढते, म्हणून लांबचं कर्ज सोसतं. इथे पाच वर्षांनी गाडीची किंमत फेडायच्या रकमेच्या खाली गेलेली असते आणि विकायची म्हटली तर वर पैसे भरावे लागतात. घर विकून ३ लाख डॉलर हातात आले आहेत असं समजा. विल्यम बेंगन या आर्थिक सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेला नियम निवृत्तांच्या हिशेबात अजून वापरला जातो: गुंतवणुकीतून पहिल्या वर्षी चार टक्के काढा, पुढे महागाईप्रमाणे वाढवत न्या, म्हणजे तीस वर्षं पैसे पुरायला हरकत नाही. सव्वा लाखाची गाडी घेतली तर उरलेल्या पावणेदोन लाखांतून वर्षाला ७,००० सुटतात, महिन्याला ५८३. चाळीस हजारांत भागवलं तर २ लाख ६० हजारांतून १०,४००, महिन्याला ८६७. महिन्याला पावणेतीनशे-तीनशे डॉलर कायमचे, अशा दराने त्या महागड्या गाडीतला संगमरवरी ओटा आणि विजेवर चालणारी शेकोटी पडते. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावी.

जुनी गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी: काही खासगी पार्क दहा वर्षांहून जुन्या गाड्या घेत नाहीत किंवा आधी फोटो मागवतात.

दुरुस्तीच्या रकान्यात निम्मे लोक इंजिन ऑइल लिहून मोकळे होतात. खरा खर्च टायर आणि टप यांत असतो. आरव्हीचे टायर बहुतेक वेळा झिजून जात नाहीत, म्हातारे होऊन जातात. नक्षी नव्यासारखी दिसते, पण ऊन आणि वय रबराला आतून चिरत असतं. पाच ते सात वर्षांत ते बदलावेत असं सांगतात. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी विकत घेताना सोफा बघण्याआधी वाकून हे आकडे बघावेत, कारण मोठ्या मोटरहोमला असे किमान सहा टायर असतात आणि ते एकदमच बदलायला येतात. टपावर रबराचं आच्छादन असतं आणि जिथे जिथे खिडकी, पंखा, एसी बसवला आहे तिथे सांधा लांबीने बंद केलेला असतो. ही लांबी तडकते. पाणी आत शिरलं तरी वरून काही दिसत नाही. भिंतीचा पापुद्रा फुगल्यावर कळतं, आणि तोवर दुरुस्ती गाडीच्या किमतीशी बरोबरी करू लागलेली असते. वर्षातून दोनदा शिडी लावून टप पाहणं आणि दहा-पंधरा डॉलरची ट्यूब वापरणं ही या धंद्यातली सगळ्यात किफायतशीर सवय.

दुरुस्तीच्या बिलात न दिसणारा भाग वेगळाच आहे. गाडी गॅरेजमध्ये गेली की घरच गॅरेजमध्ये जातं. सुट्या भागासाठी आठवडे थांबावं लागलं तर ते आठवडे हॉटेलात काढायचे, आणि बरोबर कुत्रा असेल तर कुत्रा चालणाऱ्या हॉटेलात. दुरुस्तीसाठी जो काही महिन्याचा आकडा लिहाल, त्याच्याखाली हॉटेलची ओळ लिहावी.

स्वयंपाकाच्या गॅसचा मात्र फारसा विचार करू नये. वरण-भाताच्या कुकरला आणि फोडणीला किती प्रोपेन लागणार? रात्रीचं तापमान गोठणबिंदूखाली गेलं आणि गॅसचा हीटर चालू झाला की तीच टाकी भराभर रिकामी होते. म्हणून थंडीत दक्षिणेकडे सरकायचं ते केवळ हवेसाठी नव्हे.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, पण विंचवाला पत्ता विचारत नाहीत. अमेरिकेत लायसन्स, गाडीची नोंदणी, मतदान, विमा, कर या सगळ्याला कुठल्यातरी राज्यातला पत्ता लागतो. कायम फिरणारे लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडा निवडतात, कारण या तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही. साउथ डकोटात तर एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून लायसन्स मिळवायची सोय फिरत्यांसाठीच आहे. टेक्ससमधलं लिव्हिंग्स्टन हे गाव ‘एस्केपीज’ या आरव्हीवाल्यांच्या क्लबामुळे ओळखलं जातं. जो आणि के पीटरसन या दांपत्याने १९७८ मध्ये हा क्लब काढला. त्यांची टपालसेवा सभासदांची पत्रं तिथे गोळा करते आणि जिथे मुक्काम असेल तिथे पाठवते. खर्च वर्षाला काहीशे डॉलरच्या आत. विम्याचं मात्र नीट विचारून घ्यावं. सुट्टीपुरती आरव्ही वापरणाऱ्याची साधी पॉलिसी कायम राहणाऱ्याला चालत नाही. घराच्या विम्यातून जे संरक्षण मिळायचं, म्हणजे दारात कुणी घसरून पडलं तर काय, ते वेगळं घ्यावं लागतं आणि हप्ता वाढतो. ‘आम्ही अधूनमधून राहतो’ असं सांगून हप्ता वाचवणाऱ्याला दावा करताना पूर्ण किंमत मोजावी लागते.

पत्ता निवडताना लोक कर पाहतात. मी आधी दवाखाना पाहीन. ६५ वर्षं पूर्ण झाली की मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा लागू होतो आणि तो देशभर चालतो, पण मूळ सरकारी मेडिकेअर घेतलं तरच. खासगी कंपन्यांच्या ‘अ‍ॅडव्हांटेज’ योजना स्वस्त दिसतात, दात-चष्म्याचंही आमिष असतं, पण बहुतेक योजनांचे डॉक्टर एका भागापुरते बांधलेले असतात. फिरत्याला मूळ मेडिकेअर आणि जोडीला ‘मेडिगॅप’ पूरक विमा सोयीचा. मेडिकेअरमधल्या ‘पार्ट बी’ या भागाचा हप्ता २०२५ मध्ये महिन्याला १८५ डॉलर होता. मेडिगॅपचा वेगळा. मेडिगॅप घ्यायला पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मिळतात. त्या काळात कंपनीला तुमच्या आजारांवरून नकार देता येत नाही, पुढे बहुतेक राज्यांत देता येतो. आधी स्वस्त योजना घेऊ, गरज पडली तर बदलू, हा बेत म्हणूनच धोक्याचा आहे. ६५च्या आधी नोकरी सोडणाऱ्याची अडचण आणखी मोठी. तेव्हाचा विमा राज्यानुसार, बरेचदा जिल्ह्यानुसार मिळतो, आणि दुसऱ्या राज्यात फक्त तातडीचे उपचार त्यात बसतात. साठीच्या आत निघालेल्या कित्येकांच्या हिशेबात आरोग्यविमा इंधनाच्याही वर जातो. दातांसाठी मात्र लोकांनी स्वतःची वाट काढली आहे. अ‍ॅरिझोनातल्या युमाजवळ हद्दीपलीकडे मेक्सिकोत लॉस अल्गोडोनेस हे गाव आहे, आणि ते दंतवैद्यांचंच गाव झालं आहे. हिवाळ्यात गाड्या अलीकडे लावून पांढऱ्या केसांची माणसं पासपोर्ट घेऊन चालत तिकडे जातात.

उत्पन्नाच्या बाजूला निर्णय एकच मोठा. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सोशल सिक्युरिटी ६७व्या वर्षी पूर्ण मिळते. ज्याला ६७ला हजार डॉलर मिळाले असते त्याला ६२ला घेतली तर सातशे, ७० पर्यंत थांबलं तर बाराशे चाळीस. लवकर निघायची घाई असलेले ६२ला घेतात आणि तो कमी आकडा आयुष्यभर राहतो. मग उरलेली भर कामाने घालावी लागते. कॅम्पग्राउंडवर यजमान म्हणून राहायचं, आठवड्याला काही तास झाडलोट, नोंदणी, संडास साफ करणं, बदल्यात जागा आणि वीज फुकट. शरद ऋतूत नॉर्थ डकोटा-मिनेसोटात साखरेच्या बीटाचा हंगाम असतो. बारा-बारा तासांच्या पाळ्या, थंडी, चिखल, पण थोड्या आठवड्यांत चांगली रक्कम. अ‍ॅमेझॉनने २००८ पासून आरव्हीवाल्यांना गोदामांत हंगामी काम देणारी ‘कॅम्परफोर्स’ योजना चालवली, ती आता बंद झाली. जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ (२०१७) या पुस्तकात हीच माणसं आहेत आणि क्लोई झाओ यांच्या त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. २००८च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून गाडीत आलेले आणि घर विकून हौसेने आलेले, दोघं क्वार्ट्झसाइटला शेजारीशेजारी गाडी लावतात. लांबून फरक कळत नाही. पण पहिल्याचं अंदाजपत्रक दुसऱ्याने ‘साधं राहणं’ म्हणून उचलू नये. त्यात दातदुखी अंगावर काढणं हेही बचतीत धरलेलं असतं.

१९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी मंडळींची पिढी केव्हाच निवृत्त झाली, पुढचीही होते आहे. त्यांच्यापैकी जे या वाटेला जातील त्यांच्या हिशेबात एक ओळ जास्तीची येते, कारण हिवाळ्यात त्यांना अ‍ॅरिझोना नको असतं, पुणं हवं असतं. चार महिने गाडी कुठेतरी लावून ठेवायची तर तिचं भाडं भरायचं, आणि थंड प्रदेशात लावली तर नळांतलं पाणी काढून गोठणरोधक द्रव घालून जायचं. नाहीतर परत येईपर्यंत पाइप फुटलेले. मेडिकेअर भारतात चालत नाही, पण पार्ट बीचा हप्ता त्या महिन्यांतही कापला जातो, त्यामुळे इथला वैद्यकीय विमा वेगळा. उशिरा अमेरिकेत गेलेल्यांनी आपली चाळीस क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, पूर्ण झाली आहे का हे आधी पाहावं. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा परस्पर करार नाही, म्हणून इथली नोकरीची वर्षं तिथे जोडून मिळत नाहीत.

अंदाजपत्रकातला सगळ्यात उपेक्षित रकाना थांबण्याचा. कायमचं म्हणून निघालेलेही काही वर्षांनी थांबतात. नजर अधू होते, गुडघे शिडी चढू देत नाहीत, नातवंडांजवळ राहावंसं वाटतं. तोपर्यंत विकलेल्या घराच्या परिसरातले भाव वाढलेले असतात आणि गाडीची किंमत उतरलेली. म्हणून छोट्या घराच्या अनामतीची किंवा दोन वर्षांच्या भाड्याची रक्कम पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकावी आणि तिला इंधनाच्या नावाने हात लावू नये. काही जण मूळ घर न विकता भाड्याने देतात. डोकेदुखी असते, पण परतीचं दार उघडं राहतं. लिव्हिंग्स्टनलाच एस्केपीजच्या आवारात ‘केअर’ नावाचं केंद्र आहे. ज्यांना आता गाडी चालवणं झेपत नाही ते तिथे आपल्याच आरव्हीत राहतात. महिन्याचे पैसे भरून जेवण, कपडे धुणं, डॉक्टरकडे नेणं-आणणं अशी मदत मिळते. म्हणजे गाडी निदान तिथवर नेता आली पाहिजे. बहुतेक जोडप्यांत अडतीस फुटी गाडी एकटा नवराच चालवतो. त्याला झटका आला आणि गाडी घरापासून दीड हजार मैलांवर असली, तर पैसे देऊन ड्रायव्हर शोधावा लागतो. मोठी गाडी शिकवणाऱ्या शाळा आहेत, दोन-तीन दिवसांत काम भागतं. ती फी दोघांची भरावी, आणि भरूनही बायको चाकावर बसायला तयार नसेल तर दहा फूट लहान गाडी घ्यावी.